अर्ध्या बाईंचं वाचनालय

३ एप्रिल, सोमवार

दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत काही फार बरं नाही. आमच्या वाचनालयात त्यांची एक अख्खी फळी आहे. आज कुणी आपल्याला काय बोललं आणि आपण कसे बरोबर होतो, यापलीकडे त्यात काही नसतं. तरी आज मी स्वतःच वही उघडून बसलेय, कारण यापुढे मला वेळच वेळ मिळणार आहे.

कार्यालयाचं पत्र आलं. सरकारी अनुदानात कपात झाली आहे, सबब पुढच्या सोमवारपासून वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझं पदही अर्धं आणि पगारही अर्धा. वर्तमानपत्रं पाच यायची, आता एक. नवी पुस्तकं बंद. शिपायाची बदली तर गेल्या महिन्यातच झाली, तेव्हापासून झाडूही मीच मारते. आणि शेवटी एक ओळ: सहा महिन्यांनी पाहणी होईल, आणि या शाखेला पगारी कर्मचाऱ्याची गरज आहे की नाही ते ठरवलं जाईल.

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलेय आणि आता हे ठरवणार माझी गरज आहे की नाही!

घरी येऊन ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हे शिंपीकाम करतात, पुढच्याच खोलीत यांचं मशीन आहे. तोंडात टाचण्या धरून एका कोटाची बाही लावत होते. नुसतं "हं" म्हणाले. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही. मला पण असा एखादा धंदा करायला हवा होता.

५ एप्रिल, बुधवार

रोजच्या मंडळींना सांगून टाकलं. रोजची म्हणजे तिघं. निवृत्त पोस्टमनकाका, ज्यांना पाचही वर्तमानपत्रं एका ओळीत मांडून लागतात. गणिताचे मास्तर, तेही निवृत्त, माझ्या भाच्याला यांनीच शिकवलं. आणि नर्सबाई, ज्यांच्या कामाच्या वेळा अशा विचित्र की त्या कधीही उगवतात आणि हाताला लागेल ते वाचतात.

"म्हणजे आता तुम्ही अर्ध्या बाई," पोस्टमनकाका म्हणाले.

"जीभ आवरा," मी म्हटलं.

"आणि मंगळवारी आम्ही जायचं कुठे? घरी? सून म्हणते, बाबा, तुम्ही घरात असलात की घर भरून जातं. कौतुकाने नाही म्हणत ती."

नर्सबाईंनी सरळ हात पुढे केला. "किल्ली द्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही बघतो."

मी म्हटलं, जीव गेला तरी देणार नाही. मग जरा विचार केला. कुलूप लावून पुस्तकं काही वाढायची नाहीत. कार्यालयात फोन केला की असं असं विचारताहेत, चालेल का. वाटलं होतं, नियम दाखवतील. तर पलीकडचे साहेब इतके खूश झाले की मलाच कसंतरी झालं. "वा वा, स्वयंसेवक! उत्तमच! बघा, जमलं त्यांना तर पुढे सगळे सहा दिवस त्यांच्याकडेच देता येतील." एवढा गोड आवाज त्यांनी बावीस वर्षांत माझ्यासाठी काढला नव्हता.

किल्ली दिली. सोबत नियमांची दोन पानं दिली. मास्तरांनी त्यात शुद्धलेखनाची एक चूक काढली.

११ एप्रिल, मंगळवार

घरी. पहिला रिकामा मंगळवार.

सकाळी दहाला स्वयंपाकघरातले डबे नीट लावले. साडेदहाला ह्यांची दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावली, फिकटपासून गडदपर्यंत, प्रत्येकावर आकडा चिकटवला. अकराला हे काळं रीळ शोधत होते. "शेवटून दुसरं, चाळीस नंबर," मी सांगितलं.

"तीस वर्षं माझं काळं रीळ माझ्या उजव्या हाताशी होतं," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, पण रीळ आपटून ठेवलं.

दुपारी दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा परत आले. तिकडे काय गोंधळ घातला असेल देव जाणे.

१२ एप्रिल, बुधवार

काही गोंधळ घातलेला नाही.

लख्ख. फरशी पुसलेली, खुर्च्या टेबलाखाली सारलेल्या, परत आलेली सदतीस पुस्तकं आपापल्या नंबरावर. नोंदवहीत पोस्टमनकाकांचं अक्षर, अगदी मोत्याचे दाणे. मी प्रत्येक फळीवरून बोट फिरवत गेले. एक चूक? नाव नको. उलट मागच्या वर्षापासून माझीच एक चूक होती, ती मास्तरांनी पेन्सिलीने खूण करून दाखवली होती.

अकरा वाजता माझं सगळं काम संपलं. कौतुक वाटायला हवं होतं. वाटली ती धास्ती. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते: मला वाटलं होतं, माझ्यावाचून त्यांचं अडेल. कुणाचंही कुणावाचून अडत नाही म्हणतात ते मला माहीत आहे, पण एका दिवसात?

नर्सबाई आल्या तेव्हा मी म्हटलं, "झकास चाललंय की तुमचं. कार्यालय तर टपूनच बसलंय. तुम्हाला जमतंय म्हटल्यावर सहा महिन्यांनी माझं पद काढतील आणि किल्ली तुमच्याकडेच ठेवतील." मी हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मास्तर आणि पोस्टमनकाका समोरच बसले होते, दोघांनी एकदमच वर्तमानपत्र खाली ठेवलं. एकच वर्तमानपत्र दोघांत धरून वाचतात हल्ली.

१७ एप्रिल, सोमवार

मी म्हणत नव्हते!

शनिवारचा कारभार बघितला आणि कपाळावर हात मारला. नऊ पुस्तकं भलत्याच जागी. शेतीत कायदा, कायद्यात कविता. नोंदवहीत तारीख मागच्या महिन्याची. पहिल्या दिवशी नव्याची नवलाई होती, आता खरं रूप दिसायला लागलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसा तो मंगळवार साधला होता.

तिघांना चांगलं फैलावर घेतलं. तिघं माना खाली घालून उभे. दुपारपर्यंत सगळं जाग्यावर लावता लावता कंबर धरली, पण घरी येताना पाय हलके होते. जेवताना दोन घास जास्तच गेले. हे म्हणाले, "आज स्वारी खुशीत दिसतेय." मी म्हटलं, "खुशी कसली? लोकांनी नुसता उच्छाद मांडलाय."

८ मे, सोमवार

मास्तरांची मला खरंच काळजी वाटायला लागली आहे.

पक्ष्यांवरची दोन पुस्तकं उलटसुलट लागली होती. एकाचा नंबर ५९८.१५, दुसऱ्याचा ५९८.२. मी विचारलं, तर म्हणतात, "बाई, पंधरा मोठे की दोन मोठे? दोन आधी यायला नको?"

"मास्तर! दशांश आहे तो! पॉइंट एक पाच लहान, पॉइंट दोन मोठा!"

"असं होय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

ज्या माणसाने पस्तीस वर्षं पोराटोरांना दशांश शिकवला, माझ्या भाच्याला तर बाकावर उभं करून शिकवला, त्याने हे विचारावं? घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे एकदम खोकायला लागले. टाचण्या तोंडात धरू नका म्हणून मी कधीची सांगतेय, एक दिवस गिळतील.

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात एक तक्ता करून दिला. मास्तर म्हणाले, "फार उपकार झाले."

२४ मे, बुधवार

नर्सबाईंनी शस्त्रक्रियेची पुस्तकं पाककलेच्या मधोमध ठेवली. का, तर म्हणे, "दोन्हीकडे कापाकापीच ना?"

मी म्हटलं, "तुमच्या दवाखान्यात पण असंच चालतं का? असेल तर मला तिकडे नेऊ नका."

तेवढ्यात एक नवी लग्न झालेली मुलगी स्वयंपाकाचं पुस्तक मागायला आली आणि तिने उघडलं ते नेमकं पित्ताशयाचं चित्र. बिचारी पांढरीफटक पडली. तेव्हा मात्र मी खरोखरीच ओरडले, नेहमीचं लटकं नाही. नर्सबाईंनी तिची आणि माझी दोघींची माफी मागितली. "चुकलंच माझं. पाककलेला आता हात लावायचा नाही," असं त्या म्हणाल्या, पण म्हणाल्या पोस्टमनकाकांकडे बघून. त्यांचा काय संबंध?

१५ जून, गुरुवार

ह्यांना मी कधी वाचनालयाची पायरी चढताना पाहिलं नव्हतं. आज आपणहून म्हणाले, "पोस्टमनच्या पँटीची मापं घ्यायचीत, तिकडेच जातो." दोन तासांनी परत आले ते गुणगुणत.

"कसं चाललंय तिकडे?" मी विचारलं.

"ठीक."

"ठीक म्हणजे? गर्दी होती? मुलं दंगा करत होती? शिक्के नीट मारताहेत?"

ह्यांनी चार टाचण्या उचलल्या आणि तोंडात धरल्या.

७ जुलै, शुक्रवार

आज सोळा पुस्तकं चुकीच्या जागी. आतापर्यंतचा उच्चांक. पाच वाजेपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती.

एक गोष्ट लक्षात आली. चुकतात ती पुस्तकं कुणी मागत नाही अशीच असतात. जुने अहवाल, खनिजांचे खंड, कुणाकुणाचे गौरवग्रंथ. मुलांच्या कपाटाला तर अजून एकदाही धक्का लागलेला नाही. परीक्षेच्या पुस्तकांनाही नाही. मुलंच आपापली नीट ठेवत असणार. मोठ्यांपेक्षा ती बरी. योगायोग म्हणायचा, दुसरं काय.

एक वाईट वाटतं ते लिहून ठेवते. ही माणसं काही न घेता तीन दिवस येतात, लाईटचा बल्बसुद्धा मास्तरांनी स्वतः आणून लावला. हे काम सरकारने करायचं. फुकट राबणारी चांगली माणसं मिळाली की सरकारला वाटतं, बघा, कपातीने कुणाचंच काही बिघडलं नाही. आणि मी त्यांच्यावरच डाफरते. पण काय करू, चुकतात!

२१ ऑगस्ट, सोमवार

सहा महिने भरायच्या आधीच पाहणीचं पत्र आलं. साहेब सात सप्टेंबरला येणार. वार गुरुवार! म्हणजे मुद्दाम त्या तिघांचाच दिवस निवडलाय. कर्मचाऱ्याने हजर राहायला हरकत नाही, पण "कामकाजात हस्तक्षेप करू नये".

माझी झोप उडाली. तिघांनी चांगलं काम करून दाखवलं तर माझी नोकरी जाणार. वाईट केलं तर त्यांची शोभा होणार, आणि बावीस वर्षांत मी चांगलं वाचनालय चालवलं म्हणून जे नाव आहे ते धुळीला मिळणार. इकडे आड तिकडे विहीर. भाजी चिरता चिरता ठरवलं, नोकरी गेली तर गेली, पण माझ्या वाचनालयात परक्या माणसासमोर फजिती व्हायला नको. त्यांना नीट शिकवायचंच.

४ सप्टेंबर, सोमवार

दोन आठवडे जीव तोडून तयारी करून घेतली. कपाट कुठलं, फळी कुठली, नंबर कसा वाचायचा, शिक्का कुठे मारायचा. आज उजळणी घेतली तर तिघांनीही पटापट उत्तरं दिली. एकही चूक नाही. पोस्टमनकाकांनी तर डोळे मिटून पुस्तक काढून दाखवलं.

"अस्सं! मग येतं की तुम्हाला!" मी म्हटलं.

"तुम्ही शिकवल्यावर न येऊन सांगतंय कुणाला," नर्सबाई म्हणाल्या.

मला आनंद झाला आणि ती धास्तीही परत आली. आता नोकरीचं काही खरं नाही. पण ठरवलं ते ठरवलं.

७ सप्टेंबर, गुरुवार

लाज. लाज. लाज.

साहेब तरुण, चांगले इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. मला दाराशी खुर्ची दिली होती, बोलायची मनाई. साहेबांनी पोस्टमनकाकांना एक पुस्तक काढायला सांगितलं. विहिरींवरचं, सोपं, समोरच्या कपाटातलं. आयुष्यभर ज्याने हजारो पत्रं अचूक घरी पोचवली तो माणूस खोलीला दोन फेऱ्या मारून आला आणि हातात शब्दकोश घेऊन उभा राहिला.

"हे नव्हे," साहेब म्हणाले.

"नव्हे का? पण जाडीला एवढंच होतं."

मास्तरांना उशिरा परत आलेल्या पुस्तकाचे दिवस मोजायला सांगितले. ते बोटांवर मोजायला लागले, मग म्हणाले, महिना तीसचा की एकतीसचा यावर मतभेद आहेत. नर्सबाईंनी शिक्का उलटा मारला, आणि तोही साहेबांच्या फाइलवर.

"आणि पुस्तक सापडलं नाही तर तुम्ही काय करता?" साहेबांनी विचारलं.

"बाई येईपर्यंत थांबतो," पोस्टमनकाका म्हणाले. "आज गुरुवार. शुक्रवारी बाई येतात."

"आणि बाई आल्याच नाहीत तर?"

मग मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, असं अभद्र बोलू नका."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. शेवटी राहवलं नाही. मनाई गेली खड्ड्यात म्हटलं, उठले, विहिरींचं पुस्तक काढलं, दिवस मोजून सांगितले, फाइलवरचा शिक्का पुसायला ओलं फडकं दिलं. सगळं मिळून दोन मिनिटं. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी खूप वेळ काहीतरी लिहिलं.

ते गेल्यावर मी तिघांशी एक शब्द बोलले नाही. सोमवारी डोळे मिटून येत होतं, गुरुवारी डोळे उघडून येईना! घरी आले तर हे दारातच उभे. "कसं झालं?" असं विचारताना यांच्या चेहऱ्यावर एवढी उत्सुकता मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. सगळं सांगितलं. शिक्क्यापर्यंत आले तेव्हा हे आतल्या खोलीत निघून गेले आणि बराच वेळ तिकडेच होते.

२० सप्टेंबर, बुधवार

पत्र आलं. तीनदा वाचलं.

"सदर शाखेचा संपूर्ण भार स्वयंसेवकांवर टाकणे शक्य दिसत नाही. अनुभवी कर्मचाऱ्याचे पद आवश्यक आहे. ते कायम ठेवण्यात येत आहे."

दिवस तीनच राहणार. पगार अर्धाच. वर्तमानपत्र एकच. पण मी राहणार. माझी खुर्ची, माझे शिक्के, माझी ती करकरणारी खिडकी. मी पत्र छातीशी धरून एकटीच कपाटांच्या मधून एक चक्कर मारून आले. कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं.

तिघांना वाचून दाखवलं. मला वाटलं, "शक्य दिसत नाही" हे ऐकून बिचाऱ्यांना लागेल, म्हणून तो भाग जरा भरभर वाचला. तर पोस्टमनकाका म्हणाले, "तेवढं पुन्हा वाचा." वाचलं. त्यांनी मास्तरांशी हात मिळवला. वय झालं की माणसाला मानापमान राहत नाही, हेच खरं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

चष्मा वाचनालयात विसरला होता. संध्याकाळी बंद व्हायच्या सुमारास आणायला गेले. मागच्या गल्लीतून गेले की आमची खिडकी लागते. जवळचं वाचायला चष्मा लागतो, लांबचं मला उत्तम दिसतं.

काउंटरवर चारपाच माणसं होती. पोस्टमनकाका एकेकाचं पुस्तक घेत होते, नंबराकडे नुसता डोळा टाकत होते आणि हात सरळ बरोबर फळीवर जात होता, वळूनसुद्धा न बघता. शिक्का एका घावात. मी हे काम इतकं भराभर कधीच केलेलं नाही. मास्तर दोन मुलींना दशांश शिकवत होते, काय सुंदर शिकवत होते. नर्सबाई फाटक्या पुस्तकांना कागद चिकटवत होत्या, हात अगदी जखम बांधणाऱ्याचा. मी तिथेच थांबले.

शेवटचा माणूस गेला. दार ओढून घेतलं. खिडकी उघडी होती.

"आजची किती करायची?" मास्तरांनी विचारलं.

"बारा करा," नर्सबाई म्हणाल्या. "शनिवारची आठच होती, काल त्या तीनलाच मोकळ्या झाल्या. मग उगीच इकडेतिकडे बघत बसल्या होत्या. मला नाही बघवलं."

"आता तर पद कायम झालं," पोस्टमनकाका म्हणाले. "अजून करायचं?"

"पद कायम झालं हो," नर्सबाई म्हणाल्या, "पण बाईंचं काय?"

मास्तरांनी खिशातून कागद काढला. एकेक पुस्तक कपाटातून उचललं, कागदावर खूण केली, भलत्या ठिकाणी ठेवलं. इतक्या जपून ठेवत होते की पानाचा कोपरा दुमडायला नको. पोस्टमनकाकांनी नोंदवही उघडली, जरा विचार केला, आणि चुकीची तारीख घातली.

मी चष्मा न घेताच घरी आले. गल्लीभर रडत आले, नाक पुसायला पदराशिवाय काही नव्हतं. एप्रिलपासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी त्यांना तक्ते करून देत होते! आधी राग आला. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या बाईला काय समजतात हे लोक? मग तो राग कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकला नाही. एवढं कुणी माझ्यासाठी कधी केलं नाही. चुकायलासुद्धा किती मेहनत लागते!

हे मशीनवर होते. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बघितलंस?"

म्हणजे यांनाही माहीत होतं. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी पुढे काही बोलले नाहीत. उठून मला पाणी आणून दिलं.

२७ सप्टेंबर, बुधवार

आज लवकर गेले. अकरा पुस्तकं दुपारपर्यंत सापडली. बारावं काही सापडेना. कपाट न् कपाट पालथं घातलं, शिडीवर चढले, अंगावर धूळ पाडून घेतली. चार वाजता मिळालं. काय बाई डोकं लावून ठेवलं होतं!

तिघं नेहमीसारखे आले, टेबलापाशी बसले, एका वर्तमानपत्रात तिघांनी तोंडं घातली. मी बाराच्या बारा पुस्तकं त्यांच्यासमोर आदळली. रोजच्या दुप्पट आवाज लावला. वाचनालय आहे की बाजार, लाज नाही वाटत, सहा महिने घसा कोरडा केला, पालथ्या घड्यावर पाणी. दारातून आत येणारा एक वाचक तसाच मागे फिरला. तिघांनी माना खाली घातल्या. नर्सबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता.

"काय करणार बाई," पोस्टमनकाका म्हणाले, "आम्हाला काही हे जमायचं नाही."

"नाहीच जमणार," मी म्हटलं. "म्हणून तर मी आहे."